समितीपुरती पुस्तकं

मंगळवारी सकाळी जळगावहून टेंपो आला आणि दगाजीबापू सायन्स कॉलेजच्या लायब्ररीपुढे सत्तेचाळीस खोकी उतरली, तेव्हा अकबरीला आधी आनंद झाला होता. त्या आनंदाचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाताना उजव्या हाताला हे कॉलेज लागतं. अकबरी तिथल्या लायब्ररीत एकोणीस वर्षं परिचर होती. पद परिचराचं, पण काम म्हणाल तर सगळंच. पुस्तकं द्यायची, घ्यायची, झाडायची, फाटलेली शिवायची, नव्यांवर शिक्का मारून नंबर घालायचे. ग्रंथपाल नवल सर माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांना दोन वर्षांत रिटायर व्हायचं होतं आणि तेवढी दोन वर्षं कुणाच्या डोळ्यावर न येता काढायची होती. ते खिडकीजवळ पेपर वाचत बसत आणि लायब्ररी अकबरी चालवी. पोरं तिला आपा म्हणत.

दर जूनमध्ये गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीवाले आपापल्या विहित पुस्तकांची यादी पाठवत आणि ती यादी अकबरी दाराजवळच्या बोर्डावर टाचणीने लावी. सेकंड इयरच्या यादीत या वर्षी बावीस पुस्तकं होती. अभ्यासक्रम नवा आला होता, त्यामुळे जुन्यातली अर्धी बाद झाली होती. बावीसपैकी लायब्ररीत होती सात. त्या सातांत रिअल ॲनालिसिसचं एकच पुस्तक, त्याच्या पाठीला अकबरीनेच दोनदा कापडी पट्टी चिकटवलेली, आणि आतली सोळा पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली. पोरं यादी वाचत, काउंटरवर येत, "आपा, हे आहे का?" विचारत. ती "नाही" म्हणे. एकोणीस वर्षांत तिने सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द तोच असेल.

त्यामुळे पहिलं खोकं तिने स्वतःच्या हाताने फोडलं. वरच रिअल ॲनालिसिस. एक नाही, सहा प्रती. त्याखाली ऑप्टिक्स, त्याखाली ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन्ही भाग. अकबरी बारावी आर्ट्स झालेली, पुढे ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. त्या पुस्तकांतलं तिला काही समजत नव्हतं, पण यादी तोंडपाठ होती. ती एकेक पुस्तक काढून यादीवर बोट ठेवत गेली. बावीसच्या बावीस होती.

"झुलालभाऊ," तिने शिपायाला हाक मारली, "होस्टेलच्या ममताला बोलवा बरं जरा."

ममता पावरा म्हणजे शिरपूर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली मुलगी. तिचा बाप, सिंगा, पावसावरची शेती करी आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेची. कॉलेजात यायच्या आधी तिने लायब्ररी नावाची खोली पाहिली नव्हती. पण या वर्षी सेकंड इयरच्या पहिल्याच महिन्यात ती रोज तीन वाजता येऊन बसायला लागली आणि ते एकुलतं एक रिअल ॲनालिसिस वहीत उतरवून काढायला लागली. संदर्भाची प्रत घरी न्यायची परवानगी नव्हती. कुणाकुणाच्या मोबाइलवर पीडीएफ होती, ती जुन्या आवृत्तीची, आणि ममताच्या तडा गेलेल्या मोबाइलवर त्यातली चिन्हं मुंग्यांसारखी दिसत. दोन वह्या भरल्या तिच्या. कापलेल्या पानांपाशी मात्र हात थांबला. पहिल्या चाचणीत नेमका त्याच पानांवर प्रश्न आला आणि तिचे बारा मार्क गेले. गणिताच्या बोरसे सरांनी सगळ्या वर्गापुढे विचारलं, "पुस्तक वाचत नाही का? यादीत दिलंय ना?"

ती आली, दारातच चपला काढल्या, आणि टेबलावरचा ढीग बघून तिथेच उभी राहिली.

"आपा, ही आपली?"

"आपलीच. हात लाव, चावत नाहीत."

ममताने वरचं पुस्तक उचललं आणि थेट मधली पानं उघडली. उभ्यानेच वाचायला लागली. अकबरीने ड्रॉवरमधून गोल शिक्का आणि शाईचं पॅड काढलं.

"अकबरीबाई, थांबा." नवल सर खिडकीजवळून उठून आले होते. "शिक्का मारायचा नाही. आणि पोरांना हात लावू देऊ नका. डाग पडला तर पंचाईत."

"डाग पडला तर आपल्याच पुस्तकाला पडेल, सर."

नवल सरांनी ममताच्या हातातून पुस्तक अलगद काढून घेतलं आणि तिला म्हणाले, "जा बेटा, तुझा तास असेल." ती गेल्यावर खाली बघत बोलले, "गुरुवारी कॉलेजची श्रेणी ठरवणारी समिती येतेय. प्राचार्यांनी जळगावच्या पुस्तकवाल्या शेठकडून भाड्याने आणवलीत. समिती लायब्ररी बघून गेली की खोकी परत. फक्त मांडून ठेवायची आहेत."

अकबरीला काही क्षण अर्थच लागला नाही. मग लागला.

"म्हणजे पोरांना मिळणार नाहीत?"

"अहो, कोणाला मिळायचा प्रश्नच कुठे येतो? सगळीकडे असंच चालतं."

बाहेर टेंपोवाला शकील रिकामी दोरी गुंडाळत होता. जळगावचाच, तिशीतला, हसऱ्या तोंडाचा. अकबरी त्याच्यापाशी गेली. "भाई, ही पुस्तकं याआधी कुठे नेली होतीस?"

शकील हसला. "आपा, ही पुस्तकं माझ्यापेक्षा जास्त फिरलीत. मागच्या महिन्यात भडगावकडे होती. त्याच्याआधी नंदुरबारकडे. खोक्यावरची टेप बघा ना." तिने बघितलं. टेपवर टेप, तिच्यावर टेप, तीन रंगांची. "लोक नवरी सजवतात ना, तसे दागिने भाड्याने. मांडव उठला की डबीत."

त्याने ते गंमत म्हणून सांगितलं होतं. अकबरीने मात्र वरच्या टेपचं टोक नखाने सोलून काढलं.

तिची मुलगी नाजमीन सहा वर्षांपूर्वी याच कॉलेजात सेकंड इयरला होती. गणित तिचा जीव की प्राण. एके दिवशी घरी येऊन पोरीने दप्तर आपटलं होतं आणि म्हणाली होती, "अम्मी, तू लायब्ररीत कामाला, आणि मलाच पुस्तक नाही?" अकबरी तेव्हा प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेली होती. "मागणी पाठवली आहे, येतील," असं तिला सांगण्यात आलं. आली नाहीत. नाजमीन दोन विषयांत नापास झाली, पुढे मन उडालं, लग्न झालं, आता दीपनगरला असते. सुखात आहे. पण आकडेमोडीची वही दिसली की अजून नजर फिरवते. आणि अकबरी सहा वर्षं समजून चालली होती की कॉलेज गरीब आहे, काय करणार. कॉलेजला पुस्तकं मागवता येतात, एका फोनवर टेंपो येतो, हे तिला आज कळलं.

बुधवारी दिवसभर तिने ती पुस्तकं कपाटांत लावली. प्राचार्य देसले स्वतः येऊन उभे राहिले. जुनी, पट्ट्या लावलेली पुस्तकं गोणीत भरून माळ्यावर टाकायला लावली. दाखल रजिस्टरमध्ये नव्या पुस्तकांची नावं आणि नंबर चढवायचे होते. "शिसपेन्सिलने लिहा," ते म्हणाले, "वरून कळत नाही. नंतर खोडता येईल."

अकबरीने लिहिलं. आपण हे का लिहितोय, हे तिला सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षं सांगितलं ते करायची सवय हाताला होती, आणि हात ती सवय पाळत होता. दर पाच ओळींनी पेन्सिलचं टोक मोडत होतं. नवल सर प्रत्येक वेळी मुकाट्याने ते तासून देत होते.

संध्याकाळी घरी तिने तनवीरला, नवऱ्याला सांगितलं. तो गाद्या-रजया भरायचं काम करी. कापूस झटकत त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं काय जातं? तू नोकर. त्यांचं पाप त्यांच्यापाशी."

"रजिस्टरमध्ये अक्षर माझं आहे," अकबरी म्हणाली.

गुरुवारी लायब्ररीत अगरबत्ती लागली. खिडक्यांना पडदे आले. टेबलांवर प्राचार्यांनी निवडलेली बारा पोरं बसली, धुतलेल्या कपड्यांत, प्रत्येकापुढे एक नवं पुस्तक उघडून ठेवलेलं. सगळ्यांत पुढच्या टेबलावर ममता. आदिवासी मुलगी, चांगले मार्क, समितीला दाखवायला बरी. तिला बजावलं होतं की विचारलं तर "रोज वाचते" म्हणायचं. होस्टेलच्या अर्जावर दरवर्षी प्राचार्यांची सही लागते, हेही जाता जाता आठवण करून दिलं होतं.

बाकीची पोरं पुस्तकापुढे नुसती बसून होती. ममताने मात्र वही काढली होती. तिच्यापुढे तेच रिअल ॲनालिसिस होतं आणि ती हरवलेली सोळा पानं भराभर उतरवत होती. मान वर नाही, काही नाही.

अकरा वाजता समिती आली. दोन पुरुष, एक बाई. मागे प्राचार्य, संस्थेचे चिटणीस, नवल सर. समितीच्या बाई ममताच्या टेबलापाशी थांबल्या. वहीकडे बघून त्यांना कौतुक वाटलं असावं.

"हे पुस्तक नेहमी वापरतेस?" त्यांनी मायेने विचारलं.

ममताचं पेन थांबलं. तिने प्राचार्यांकडे बघितलं नाही. काउंटरमागे उभ्या अकबरीकडे बघितलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "रोज वाचते."

"शाब्बास. मग उतरवून का घेतेस?"

ममताने वहीवर आडवा हात ठेवला. प्राचार्य हसत पुढे झाले. "मेहनती आहे, मॅडम. लिहिल्याशिवाय चैन पडत नाही तिला." सगळे हसले आणि पुढे गेले.

अकबरीला ते हसू सहन झालं नाही. पोरगी खोटं बोलली याचा तिला राग नव्हता. पोरीला आपल्याच तोंडाने आपलंच नुकसान खोटं ठरवायला लावलं, याचा होता. ममताचे कान लाल झाले होते आणि तरी ती लिहीत होती, कारण वेळ थोडा होता हे तिला ठाऊक होतं.

एक वाजता समिती जेवायला गेली. पलीकडच्या इमारतीत भरीत-पुरीचा बेत होता. नवल सरांनाही पंगतीत बोलावणं होतं. जाताना ते झुलालला म्हणाले, "शकील टेंपो घेऊन आलाय. दुपारी समिती सेमिनार हॉलमध्ये बसेल, इकडे फिरकणार नाही. तेवढ्यात खोकी भरून टाका."

झुलालने पोरांना उठवायला सुरुवात केली. ममता उठेना. "झुलालभाऊ, सातच पानं राहिलीत. अर्धा तास द्या."

"ऊठ वं बाई, हुई गयं नाटक. बठ्ठं खोकामा भरनं शे," झुलाल म्हणाला आणि त्याने पुस्तक तिच्या हाताखालून ओढलं. पेन सरकलं, वहीच्या पानावर आडवी रेघ उमटली.

ममता रडली नाही. तिने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि अकबरीकडे वळून म्हणाली, "आपा, यांना ही द्यायचीच नाहीत, तर आम्हाला दाखवली कशाला?"

अकबरीने झुलालच्या हातातून पुस्तक घेतलं.

"झुलालभाऊ, तुम्ही बाहेर थांबा. शकीलला सांगा, चहा पिऊन ये. खोकी मी भरते."

"आपा, मी पण थांबते," ममता म्हणाली. काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं होतं, कारण अकबरीने ड्रॉवर उघडला होता. "मी नंबर सांगते, तुम्ही लिहा."

"तू बाहेर हो. तुझं नाव यात नको."

"माझं नाव त्यांनी घेतलंच ना समितीपुढे?"

"ममता, माझी नोकरी एकोणीस वर्षांची आहे, तुझं अजून काहीच झालेलं नाही. जा म्हणते ना!" अकबरीचा आवाज इतका चढला की पोरगी दचकून बाहेर गेली. अकबरीने आतून कडी घातली.

सगळी पुस्तकं तिने घेतलीच नाहीत. स्पर्धा परीक्षांची, जाडजूड कोशांची, गुळगुळीत कागदाची शोभेची पुस्तकं होती, ती तिने बाजूला सारली. ती खुशाल न्यावीत. यादीतली तेवढी वेगळी काढली. शहाऐंशी भरली. मग पॅडवर नवी शाई ओतली.

नव्या पुस्तकावर शिक्का तीन जागी मारायचा असतो. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर, म्हणजे कुणी पहिलं-शेवटचं फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं. हे तिला नवल सरांनीच शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. अकबरी शिक्के मारत गेली. ठप्प, पान उलट, ठप्प, पान उलट, ठप्प. प्रत्येक पुस्तकात नंबर घातला. मग रजिस्टर ओढलं आणि पेन्सिलच्या ओळींवर निळ्या पेनाने ठसठशीत अक्षरं गिरवली. मनगट दुखायला लागलं. शाई बोटांवर आली, ओढणीवर आली. तिला वाटलं होतं, शिक्के मारता मारता राग शांत होईल. तो होत नव्हता. प्रत्येक पुस्तकागणिक तिला एकेक तोंड आठवत होतं, काउंटरवर येऊन "आहे का?" विचारणारं. किती जणांना नाही म्हटलं आपण, आणि किती सहज म्हटलं.

दोनदा दार वाजलं. बाहेर झुलालचा आवाज ऐकू आला, "थांबा ना भो, आपा नमाज पढी ऱ्हायनी." अकबरीला त्याही परिस्थितीत त्याचा राग आला. पण तिने हात थांबवला नाही.

तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा बाहेर नवल सर होते आणि प्राचार्यही. शेवटच्या पुस्तकावर शिक्का पडला होता. तिने शाई वाळावी म्हणून ते उघडंच ठेवलं आणि कडी काढली.

"झुलालभाऊ," ती आधी शिपायाला म्हणाली, "नमाजाच्या नावावर पुन्हा खोटं बोलायचं नाही."

प्राचार्य आत आले, टेबलावरचं उघडं पुस्तक बघितलं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. तिन्हींत शिक्के होते. सेमिनार हॉल भिंतीपलीकडेच होता. तिथे समितीपुढे कॉलेजच्या प्रगतीची चित्रफीत चालू होती. त्यामुळे प्राचार्यांना ओरडता येईना.

"बाई," ते कुजबुजले, "तुम्हाला कळतंय का काय केलंत?"

"शिक्के मारले, सर."

"कोणाला विचारून?"

"शिक्का एकोणीस वर्षं माझ्याकडेच असतो. पुस्तक आलं की मारायचा, असंच शिकवलंय मला. विचारा नवल सरांना."

नवल सर कपाटाला टेकून उभे होते. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

"ही आपली पुस्तकं नाहीत!" प्राचार्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आवाज मात्र फुसफुस.

"मग सकाळी समितीला आपली म्हणून कशी दाखवली?" अकबरीने मुद्दाम आवाज खाली आणला नाही. "त्या मॅडम पलीकडेच आहेत. त्यांच्यापुढे म्हणा, ही आपली नाहीत. मी आत्ता एकेक शिक्का खोडून देते."

"हळू बोला! हळू!"

"का हळू? ती पोरगी सगळ्यांपुढे खोटं बोलली तेव्हा कुणी हळू म्हणालं नाही."

शकीलने दारात उभं राहून शेठला फोन लावला होता. घाबरून त्याने स्पीकर चालू केला आणि जळगावहून शेठचा आवाज लायब्ररीभर घुमला. "शिक्का? कसला शिक्का? अरे, शिक्का मारलेलं पुस्तक मी पुढच्या कॉलेजात कसं दाखवू?" प्राचार्यांनी झडप घालून तो फोन बंद केला. मग खिडकीबाहेरून कुणीतरी पोर फिस्सकन हसलं.

"उद्यापासून कामावर यायचं नाही," प्राचार्य म्हणाले.

"लेखी द्या," अकबरी म्हणाली.

लेखी मिळालं. शुक्रवारी सायंकाळी समिती गेली आणि शनिवारी निलंबनाचं पत्र आलं. शहाऐंशी पुस्तकांचं काय करायचं ते ठरेना, म्हणून ती प्राचार्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली गेली. अकबरीला हे समजलं तेव्हा ती घरात तवा आदळत फिरली. तनवीर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रजईला टाके घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "शेवटी कपाटातच घालायची होती तर टेंपो काय वाईट होता?" ते त्याने टोचून म्हटलं की तिच्या बाजूने, हे तिला कळलं नाही. पण त्या दिवशी दोघं एका ताटात जेवले.

कपाटाचं काम ममताने केलं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. लायब्ररीत पुस्तक हवं तर मागणी चिठ्ठी भरावी लागते. काउंटरवरच्या माणसाने त्यावर पुस्तक आहे की नाही ते लिहून सही करायची, हा नियम. सोमवारी ममताने चिठ्ठी टाकली, पुस्तकाच्या नावापुढे दाखल नंबरासकट. रजिस्टरमध्ये निळ्या शाईने लिहिलेला नंबर तिने बघून ठेवला होता. आता काउंटरवर नवल सर बसत होते. त्यांनी "उपलब्ध नाही" लिहिलं. मंगळवारी तिने पुन्हा टाकली. बुधवारी तिच्याबरोबर चार जणांनी. पुढच्या आठवड्यात पंचवीस-तीस चिठ्ठ्या यायला लागल्या, सगळ्या नंबरासकट. नवल सर मान खाली घालून प्रत्येकीवर तेच लिहीत.

अकराव्या दिवशी ममता काउंटरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, उपलब्ध नाही म्हणजे कुठे आहे तेही लिहा ना. नियमात आहे."

नवल सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : पुस्तक महाविद्यालयाच्या मालकीचे असून प्राचार्यांच्या कपाटात कुलूपबंद आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि ड्रॉवरमधून गोल शिक्का काढून तोही मारला.

ममताने ती चिठ्ठी विहित पुस्तकांच्या यादीशेजारी टाचणीने लावली. दुपारपर्यंत तिचे फोटो कॉलेजभर फिरले. समितीचा निकाल अजून यायचा होता. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं.

संस्थेने शेठशी काय तडजोड केली ते अकबरीला कधी कळलं नाही. तिला एवढंच कळलं की पुस्तकं बाहेर आली, पहिल्या आठवड्यातच त्यातली साठेक पोरांच्या घरी गेली, आणि ममताने बोरसे सरांच्या टेबलावर ते रिअल ॲनालिसिस उघडून ठेवलं नि म्हणाली, "सर, आता पुस्तक आहे. आता शिकवा." हे सांगायला ममता तिच्या घरी आली होती. सांगताना तिचे डोळे चमकत होते आणि दातही आवळलेले होते. "सर फळ्यापाशी गेले, आपा. तीन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. त्यांनाही येत नव्हतं. इतकी वर्षं आम्हाला म्हणत होते, पुस्तक वाचा."

दोन महिन्यांनी चौकशी झाली. संस्थेच्या ऑफिसात चिटणिसांनी एक टाइप केलेला कागद अकबरीपुढे सरकवला. "सही करा. निलंबन मागे घेऊ. जास्त ताणायचं नाही, असं ठरलंय."

अकबरीने कागद वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. 'माझ्याकडून चुकून शिक्के मारले गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' तिने पेन मागितलं. 'चुकून' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं : मुद्दाम. पुढचं दिलगीर आहे ते खोडून, 'दिलगीर नाही' केलं. मग सही केली.

चिटणिसांनी कागद परत ओढून घेतला. "बाई, आम्ही तुमच्यासाठीच लिहिलं होतं. काय फरक पडतो एका शब्दाने?"

"शहाऐंशी पुस्तकं, साहेब. प्रत्येकात तीन शिक्के. अडीचशेच्या वर वेळा कुणी चुकतं का?"

तिची एक वेतनवाढ थांबवली आणि बदली केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत केली. तिथे ती काचेची भांडी धुते. लायब्ररीत पाय ठेवायला तिला अधिकृत मनाई नाही, पण ती जात नाही. पोरंच प्रॅक्टिकलला आली की हातातलं पुस्तक दाखवतात. कडा मळल्यात, कोपरे दुमडलेत, एकावर चहा सांडलेला. बघून तिला बरं वाटतं.

डिसेंबरात समितीचा अहवाल आला. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. फाटकावर फलक लागला, प्राचार्यांचा सत्कार झाला. अहवालात ग्रंथालयाचं खास कौतुक होतं. ती ओळ नवल सर स्वतः प्रयोगशाळेत येऊन तिला वाचून दाखवायला लागले. विहित पाठ्यपुस्तकांचा समृद्ध संग्रह, असं काहीसं होतं.

अकबरीच्या हातात साबणाने भरलेला फ्लास्क होता.

"ती किती दिवसांसाठी आणली होती, ते लिहिलंय का त्यात?"

"नाही," नवल सर म्हणाले.

"मग मला वाचून दाखवू नका," ती म्हणाली, आणि नळ पूर्ण सोडला.